मिठाच्या गोदामातलं वल्हं

१

"आता तुम्ही जे बघणार आहात," आमचे सर फोटोग्राफरला सांगत होते, "ते या नदीवरच्या शेवटच्या होडीचं वल्हं. नक्कल नाही, अस्सल." आणि त्यांनी ऐटीत पडदा बाजूला सारला. मागे भिंत होती, भिंतीत दोन जाड खुंट्या होत्या, आणि खुंट्यांवर काहीच नव्हतं. फोटोग्राफर सज्जन माणूस. त्याने तरीही एक फोटो काढला.

मी तेव्हा शेजारच्या खोलीत शालींना इस्त्री करत होते. आमच्या नाटकमंडळाचा कपडेपट माझ्याकडे असतो, म्हणजे शिवणं, धुणं, रंगवणं आणि नटांची पोटं वाढली की उसवणं. सरांची आरोळी ऐकून मी धावले आणि एका शालीला भोक पाडून बसले.

आमचं मंडळ गावाच्या जुन्या गोष्टींची नाटकं करतं. गोष्टी म्हाताऱ्या माणसांनी सांगायच्या, वस्तू घराघरांतून उसन्या आणायच्या, आणि नदीकाठच्या जुन्या मिठाच्या गोदामात आपणच त्या करून दाखवायच्या. मीठ जाऊन जमाना झाला, पण भिंती अजून घाम गाळतात. सकाळी नदीवरचं धुकं आत शिरलं की आपण जागे आहोत की झोपेत, हे स्वतःला चिमटा काढून पाहावं लागतं. यंदाचं नाटक होडीचं होतं. पूल व्हायच्या आधी गाव या काठावरून त्या काठावर कसं जायचं, त्याचं. वल्हं दिलं होतं होडीवाल्या आत्यांनी. त्यांचे थोरले भाऊ हे शेवटचे नावाडी. ते आता अंथरुणाला खिळलेत आणि कुणाला ओळखत नाहीत.

उद्या पहिला प्रयोग होता. काल संध्याकाळच्या तालमीत वल्हं होतं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. मग गोदामाला कुलूप लागलं. खिडक्यांना गज, वल्हं माणसाहून उंच, आणि किल्ली एकट्या काकांकडे.

काका म्हणजे आमचे दारावरचे. मिठाच्या काळापासून ते या दारात आहेत आणि दाराशेजारच्या खोलीत राहतात. त्यांना दुसरं घर नाही. बायको त्याच खोलीत गेली.

सर रागाने लाल झाले होते. काकांकडे न बघता ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत वल्हं आलं नाही, तर वॉचमनने खोली रिकामी करायची."

काकांनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. "संध्याकाळपर्यंत कशाला," ते म्हणाले, "आत्ताच घ्या ना."

मला भयंकर राग आला. आणि मला राग आला की मी ताईला फोन करते.

२

माझी थोरली बहीण विमा कंपनीत होती. आगीचे दावे तपासणं हे तिचं काम. जन्मभर जळक्या गोदामांतून हिंडली आणि तिथे कधी नव्हताच अशा मालाच्या कहाण्या ऐकत राहिली. आता ती निवृत्त आहे, गुडघे दुखतात, आणि खुर्ची मिळाली की तिचा डोळा लागतो. निदान लागल्यासारखा दिसतो. झोपलेल्या बाईसमोर लोक मोकळेपणी बोलतात, हे तिला पक्कं ठाऊक आहे असा मला जुना संशय आहे.

आल्या आल्या तिने खुंट्यांवरून बोट फिरवलं. बोटाला निळसर डाग लागला.

"चिमे, हे काय गं?"

पन्नाशी उलटली तरी मी तिच्यासाठी चिमीच आहे. "वल्ह्याचा रंग असेल," मी म्हटलं.

"वल्हं निळं होतं?"

मी विचारात पडले. तपकिरी होतं बहुतेक.  ताईने बोट रुमालाला पुसलं, खुर्ची मागवली आणि आमच्या दिवेवालीला बोलावलं.

ही बाई दिवसा दवाखान्यात नर्स असते आणि संध्याकाळी आमचे दिवे सांभाळते. दोन्हीकडे तिचा हात हलका. होडीच्या प्रवेशात ती इतका मंद निळा उजेड सोडते की आम्हीच कुजबुजत बोलायला लागतो. त्यात धुराचं यंत्र, आणि गेल्या आठवड्यापासून सरांनी पुढे टांगलेला जाळीचा पडदा. स्वप्न उसनं आणल्यासारखं दिसतं सगळं.

"काल वल्हं होतं का?" ताईने डोळे मिटूनच विचारलं.

"होतं म्हणजे काय, ताई! अजून डोळ्यांसमोर आहे. शेवटच्या फेरीत आमचे नावाडी वल्हं उचलतात, थांबतात, आणि पात्यावरून पाणी ठिबकतं. टप, टप. मला तर रोज रडू येतं."

ताईचे डोळे उघडले. "पाणी कुठून आणता तुम्ही?"

 "आणत नाही," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "स्टेजवर पाणी कसं आणणार? दिव्यांच्या वायरी असतात."

"पण ठिबकताना पाहिलंत."

"पाहिलं," नर्सबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगावर काटा आलेला मला स्पष्ट दिसला.

३

सरांना ताई मुळीच पसंत नव्हती. एक तर ती तालमीच्या जागेत चपला घालून आली होती, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या बोलण्याच्या ऐन भरात तिची मान कलली.

"माझी पद्धत वेगळी आहे," सर सांगत होते. "मी आधी रिकाम्या हातांची तालीम घेतो. कित्येक आठवडे. हातात काहीही द्यायचं नाही. घागर नाही, कंदील नाही, वल्हं नाही. हाताला वजन पाठ झालं पाहिजे. आणि बाकीच्यांनीही ती वस्तू बघितली पाहिजे. घागर नेणारी बाई आली की बाजूला सरकायचं, पाणी सांडेल म्हणून. ज्याला दिसत नाही त्याने घरी बसावं. अस्सल वस्तू शेवटी येते."

हे अक्षरशः खरं आहे. एकदा मी नसलेल्या दोरीवर पाय दिला म्हणून सरांनी मला सगळ्यांसमोर झाडलं होतं. तेव्हापासून मी ती दोरी ओलांडते. आता घरीही ओलांडते.

"आणि अस्सल वस्तू आली की?" ताईने घोरल्यासारखा आवाज काढून विचारलं.

"ज्याची त्यानेच घ्यायची, त्यानेच जागेवर ठेवायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा इथला नियम आहे."

"म्हणजे वल्ह्याला फक्त नावाड्याचं काम करणारा माणूस हात लावणार."

"आमचे घड्याळजी. हो. पण ते तालीम संपल्यावर सगळ्यांबरोबर रिकाम्या हातांनी बाहेर पडले. मी स्वतः पाहिलं. त्यांच्यावर संशय घेऊ नका, त्यांच्यासारखा नट या गावात झाला नाही." सरांनी घसा खाकरला. "उरला कोण? वॉचमन."

काका दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. आत त्यांचं सामान बांधून झालं होतं. एक गाठोडं, एक स्टोव्ह. ताई गुडघे धरून त्यांच्या शेजारी खाली बसली. हे ती सहसा कुणासाठी करत नाही.

"काका, या आठवड्यात या दारातून काहीतरी लांबलचक बाहेर गेलं का?"

"परांची गेली. सुताराने छताच्या कामासाठी बांबू बांधले होते, ते सोडून नेले. जड होते. घड्याळजींनीही हात लावला त्याला, एक मोळी खांद्यावर घेऊन गेले. मीच दार धरलं." काकांनी स्टेजकडे बोट केलं. "पण त्यानंतरही वल्हं होतंच की हो. रोज तालमीत बघत होतो. मी दारातूनच बघतो, पण रोज बघतो. लहानपणी त्याच होडीने शाळेत जायचो मी."

"दिसायचं नीट?"

"अगदी तसंच," काका म्हणाले. ताईने त्यांच्या गाठोड्यावर हात ठेवला.

मला वाटलं, संपलं. सगळ्यांनी वल्हं काल पाहिलंय आणि काल रात्री किल्ली काकांकडे होती. मी ताईला तसं म्हटलंही.

"चिमे," ती म्हणाली, "सकाळी तू इस्त्री करत होतीस त्या शाली निळ्या आहेत ना? त्या रंगवल्यावर वाळत कुठे घातल्या होत्यास?"

मी कपाळाला हात लावला.

४

त्या पडद्यामागच्या बोळात, वल्ह्याच्याच खुंट्यांवर. आणि कुठे घालणार? खोलीत दोरी बांधायला जागा नाही. परवा संध्याकाळी मी तिकडे गेले, खुंट्या मोकळ्या होत्या, तेव्हा तालीम चालू होती, म्हणून वल्हं स्टेजवर असेल असं गृहीत धरलं. शाली टाकल्या आणि विसरले. आज सकाळी सर येण्याआधी काढल्या, इस्त्रीसाठी, तेव्हाही घाईत वल्ह्याची आठवण झाली नाही.

"म्हणजे काल तालीम संपल्यावर तिथे शाली होत्या. ओल्या, निळ्या. मग घड्याळजींनी वल्हं कशावर ठेवलं?"

"भिंतीला टेकवून?"

"आणि तुला बोलले नाहीत? माझ्या जागेवर तुझी लक्तरं कशाला म्हणून?"

ते बोलायला हवे होते. नियम मोडला की आमच्याकडे तोंड सोडतात लोक, आणि घड्याळजी मवाळ असले तरी जागेच्या बाबतीत भलते काटेकोर. मूग गिळून बसायचं त्यांना कारण काय?

आम्ही त्यांच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. चहूकडे घड्याळं टिकटिकत होती, प्रत्येकाची वेळ निराळी. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बायकांच्या एका नाजूक घड्याळात चिमट्याने चाक बसवत होते. हात दगडासारखा स्थिर.

ताई बराच वेळ नुसती बघत राहिली. मग मला म्हणाली, "तू सांगत होतीस ना, वल्हं मारून यांचे हात थरथरतात, नाटक होईपर्यंत नाजूक कामं बंद ठेवलीत म्हणून?"

"तशी पाटी होती इथे," मी म्हटलं. पाटी आता नव्हती.

घड्याळजी हसले. ते फार छान हसतात, पण आत्ताचं हसू घाबरलेलं होतं.

"वल्हं हरवलं," ताई म्हणाली. "दारावरच्या काकांवर आळ आलाय. संध्याकाळी त्यांना खोली सोडायची आहे."

चिमटा खाली पडला. ते चाक कुठे घरंगळलं कोण जाणे. "काकांवर?" घड्याळजी पांढरेफटक पडले. "काकांवर का म्हणून? ते तर... मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. मी कुणाला तरी शब्द दिलाय. आधी तिथे विचारून येतो."

"शब्द मोडू नका. तुम्ही बोलूच नका." ताई दाराकडे वळली. "फक्त गोदामात चला, आणि काल केलंत ते आज करून दाखवा."

५

दुपार कलली होती. खिडक्या झाकल्या, धूर सोडला, जाळीचा पडदा खाली आला. सर हाताची घडी घालून पहिल्या रांगेत बसले. काका नेहमीसारखे दारातच उभे.

"वल्ह्याशिवाय काय दाखवणार?" सर कुरकुरले.

"बघा तर," ताई म्हणाली.

निळा उजेड आला. धुरातून होडी दिसायला लागली, म्हणजे आमचा लाकडी सांगाडा, आणि तीत घड्याळजी. त्यांनी पाय रोवले, वाकले, आणि ओढलं. खांदे आधी गेले, मग पाठ, मग अडखळत मागे आलेले हात. पाण्याचा आवाज कुणी सोडला नव्हता, तरी मला तो ऐकू आला. त्यांच्या मुठी जाड काहीतरी धरून होत्या, आणि मुठींच्या खाली ते होतं. लांब, तपकिरी, पात्याशी झिजलेलं. शेवटच्या ओढीनंतर त्यांनी ते उचललं आणि थांबले.

"थेंब," नर्सबाई वरून पुटपुटल्या.

सर पुढे झुकले होते. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते, ओले होऊ नयेत म्हणून.

"दिवे लावा सगळे," ताई म्हणाली.

लख्ख उजेड पडला. घड्याळजी उघड्या सांगाड्यात उभे होते आणि त्यांच्या दोन्ही मुठी रिकाम्या होत्या.  मी तर आत्ता आत्तापर्यंत ते वल्हं बघत होते.

"वल्हं काल गेलंच नाही," ताई शांतपणे म्हणाली. "ते या आठवड्यातच गेलं, परांचीच्या बांबूंबरोबर, दिवसाढवळ्या, आणि दार काकांनी धरलं. त्यानंतर हे गृहस्थ रिकाम्या हातांनी होडी चालवतायत. हातांची थरथर थांबली ती त्यामुळे. खुंट्यांवर शाली आल्या तरी ते भांडले नाहीत, कारण त्यांना जागा लागतच नव्हती. मी जन्मभर नसलेला माल बघितला म्हणणारी माणसं ऐकली, पण ती खोटं बोलायची. तुम्ही सगळे खरं बोलत होतात. सर, तुम्ही या लोकांना नसलेलं बघायला शिकवलंत, आणि ते शिकले. साक्षीदार म्हणून इथला एकही माणूस कामाचा नाही."

"मलाही दिसलं हो," काका दारातून म्हणाले.

सर उठले. बरं वाटण्याऐवजी त्यांना आणखीच राग आला होता. "मग आहे कुठे ते? पोस्टरवर छापलंय आपण, अस्सल वल्हं म्हणून. उद्या मला ते इथे हवंय."

घड्याळजींनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "ज्यांनी दिलं त्यांनीच परत मागितलं असणार. नाहीतर शब्द कुणाला देणार? आत्यांकडे चला."

"मी पण येणार," काका म्हणाले. "आळ माझ्यावर आहे."

६

आत्यांनी दार उघडलं, आम्हाला सगळ्यांना एकदम पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"मीच नेलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे या घड्याळजींना न्यायला लावलं. मंडळात सगळ्यांसमोर देते म्हणून बसले होते, टाळ्या वाजवल्या होत्या तुम्ही. परत कुठल्या तोंडाने मागू? मला वाटलं होतं, दादाला काय कळतंय आता. पण वल्हं घरातून गेलं तसा तो जेवेना. झोपेना. सारखं एकच, पलीकडे माणसं खोळंबलीत, माणसं खोळंबलीत. माझ्या भावाचे हाल बघवेनात हो मला. यांना म्हटलं, कुणाला सांगू नका."

"त्यापायी माणूस बेघर झाला असता," सर म्हणाले. मला हसूच आलं, कारण बेघर करणारे तेच होते.

आत्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी हात जोडले, आणि काकांनी घाईने ते खाली केले.

आतल्या खोलीत खिडकीशी पलंग होता. खिडकीतून नदी दिसत होती, संध्याकाळची, राखाडी. पलंगावर दादा उशीला टेकून बसले होते आणि मांडीवर आडवं ते वल्हं. पातं पलंगाबाहेर आलेलं. ते हळूहळू ओढत होते. पातं जमिनीवर घासून त्या जागची फरशी गुळगुळीत झाली होती. चेहरा इतका निवांत, की आम्ही दारातच थबकलो.

सरांना वल्हं दिसलं. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, आणि काका त्यांच्या आडवे आले.

"सर, राहू द्या," काका म्हणाले. आवाज अगदी हळू. "माझ्याकडूनच हरवलं म्हणून सांगा लोकांना. आत्यांचं नाव नको, घड्याळजींचं नको. सामान बांधलेलंच आहे माझं. यांच्या हातातून ते काढू नका."

माझे डोळे भरून आले, आणि ते मी पुसलेही नाहीत. सर काकांकडे बघत राहिले. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी काकांचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. मग त्यांनी घड्याळजींकडे मान वळवली. "उद्या काल केलंत तसंच करा. वल्हं न वापरता. पोस्टर मी बदलून घेतो."

"आणि लोकांना काय सांगणार?" घड्याळजींनी विचारलं.

"माझं चुकलं म्हणून सांगणार," सर म्हणाले. 

"कोण आहे?" दादांनी मान न वळवता विचारलं. "पलीकडे जायचंय ना? मग बसा की. तिथे उभं राहून होडी सुटत नाही."

आत्या त्यांना गप्प करायला पुढे झाल्या, पण काका केव्हाच पलंगाच्या कडेला जाऊन बसले होते, शाळेत निघाल्यासारखे, गुडघ्यावर हात ठेवून.

"आणखी एकाची जागा आहे," दादा म्हणाले. "बूट काढा मात्र. तळाला पाणी आहे."

आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. तालमीला उशीर झाला म्हणून स्वतःच्या सख्ख्या भावाला बाहेर काढणारा हा माणूस. त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. विजार घोट्याच्या वर दुमडली. तोल सांभाळत, एकेक पाय जपून उचलत ते पलंगावर चढले आणि काकांना अगदी चिकटून बसले. दादांनी वल्हं ओढलं. पलंग कुरकुरला, आणि सरांनी दोन्ही हातांनी काकांचा दंड घट्ट धरला.

"काका," ते म्हणाले, "मला पोहता येत नाही."

"मी आहे ना," काका म्हणाले.